एन्झाइम मेलं की हिशेब चुकला?

कुडाळजवळच्या एका कॉलेजात एमएस्सी करणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मॅडम, प्रोजेक्टसाठी मानवी रिकॉम्बिनंट (जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) एटीपी सायट्रेट लायेज हे एन्झाइम मागवलं, १० मायक्रोग्रॅम. पार्सल पोचलं तेव्हा ड्राय आइस जवळजवळ संपला होता. आमच्याकडे उणे ८० चा फ्रीझर नाही, म्हणून साध्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. कागदावर ॲक्टिव्हिटी १००० पिकोमोल प्रति मिनिट प्रति मायक्रोग्रॅम लिहिली आहे. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ०.१ मायक्रोग्रॅम टाकून पाच मिनिटं रीडिंग घेतलं. पहिल्या दिवशी उतार जेमतेम, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. घरचं आगळ (रातांब्याचा म्हणजे कोकमाचा खारवलेला रस) घातलं की मात्र १०० टक्के इन्हिबिशन, म्हणजे एन्झाइम पूर्ण अडलेलं. बेम्पेडोइक ॲसिड हे औषध पॉझिटिव्ह कंट्रोल (नक्की अडवणारं, ताडून बघायला) म्हणून घेतलं, त्याने काहीच अडलं नाही. एन्झाइम मेलं का? नवीन मागवू का? आणि आईच्या बचत गटाला आगळाच्या बाटलीवर 'चरबी होऊ देत नाही' असं छापायचंय, छापू दे का?"

नवीन मागवू नकोस. निदान आज तरी नको. मुंबईत सव्वीस वर्षं मी एन्झाइमचंच काम केलं. आता गुहागरला असते आणि असे प्रश्न वर्षाला पाच-सहा तरी येतात. त्यातली बरीच एन्झाइमं मेलेली नसतात, किती काम दिसायला हवं याचा हिशेबच आधी केलेला नसतो. तुझंही पहिल्या दिवशीचं तसंच दिसतंय. दुसऱ्या दिवसाचं वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

तू जे मोजतोयस ते आधी डोळ्यांपुढे आण. हे एन्झाइम सायट्रेट, कोएन्झाइम ए आणि एटीपी घेऊन असिटाइल कोए आणि ऑक्झॅलोॲसिटेट बनवतं. शरीरात साखरेपासून चरबी होण्याच्या वाटेवरची ही मोठी पायरी. ऑक्झॅलोॲसिटेट थेट दिसत नाही, म्हणून आपण त्याच भांड्यात मॅलेट डिहायड्रोजिनेज म्हणजे एमडीएच टाकतो. ते ऑक्झॅलोॲसिटेटचं मॅलेट करतं आणि त्यासाठी तेवढाच एनएडीएच (क्रियेत खर्च होणारा मदतनीस रेणू) खर्च करतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, म्हणून तिथलं रीडिंग उतरत जातं, हाच तुझा 'उतार'. मोलर शोषणांक (१ मोलर द्रावण १ सेंटिमीटरच्या वाटेत किती शोषेल तो आकडा) ६२२०. हा आकडा पाठच कर.

आता तुझा हिशेब. ०.१ मायक्रोग्रॅम गुणिले १००० म्हणजे मिनिटाला १०० पिकोमोल. ते १०० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोलर. साध्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर द्रव भरला की त्याची उंची सुमारे ०.३ सेंटिमीटर होते, क्युव्हेटसारखी (मोजायच्या चौकोनी पारदर्शक भांड्यासारखी) १ सेंटिमीटर नव्हे. ६२२० गुणिले ०.०००००१ गुणिले ०.३ किती झाले? मिनिटाला ०.००१९. पाच मिनिटांत ०.००९. तुमच्या कॉलेजच्या प्लेट रीडरची थरथरच जवळपास तेवढी असेल. म्हणजे कागदावर लिहिलेली शंभर टक्के ॲक्टिव्हिटी शाबूत असती तरी तुला 'जेमतेम'च दिसलं असतं. एन्झाइमने काम केलंय, तुझ्या यंत्राला ते ऐकू आलं नाही.

इथे बरेचजण सांगतात, 'व्हॉल्यूम कमी कर, कॉन्सन्ट्रेशन वाढेल.' प्लेटमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. प्लेट रीडरमध्ये प्रकाश वरून खाली जातो. द्रव निम्मा केलास तर कॉन्सन्ट्रेशन दुप्पट होतं, पण उंची निम्मी होते. गुणाकार तिथल्या तिथे राहतो. उतार ठरतो तो वेलमध्ये एकूण किती एन्झाइम आहे आणि वेलचा तळ किती रुंद आहे यावर. म्हणून हाफ-एरिया प्लेट मिळाली तर घे, तळ निम्मा असल्याने तेवढ्याच एन्झाइमला उतार जवळजवळ दुप्पट मिळतो. नाहीतर १०० मायक्रोलिटरची मायक्रो-क्युव्हेट कुणाकडून उसनी आण. तिथे प्रकाश आडवा जातो, वाट पूर्ण १ सेंटिमीटर, उतार तिपटीहून थोडा जास्तच. एका वेळी एकच रीडिंग होईल, पण तुला घाई कसली आहे?

साध्या प्लेटमध्येच करायचं असेल तर वेलला ०.६ मायक्रोग्रॅम टाक आणि पाच नाही, पंधरा मिनिटं बघ. मिनिटाला ०.०११, पंधरा मिनिटांत ०.१७ च्या आसपास. हे आंधळ्यालाही दिसेल. पण मग १० मायक्रोग्रॅममध्ये फक्त सोळा वेल होतात. सोळा वेलमध्ये ब्लँक (ज्यात क्रिया होऊच शकत नाही असा वेल), कंट्रोल, आगळ, सगळं बसवायचं म्हणजे वही घेऊन बसावं लागणार. व्हायल उघडण्याआधी बसायचं, नंतर नाही.

कागदावरच्या युनिटमुळेही गोंधळ होतो. पिकोमोल प्रति मिनिट प्रति मायक्रोग्रॅम आणि नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम हा एकच आकडा. १००० चा अर्थ मिलिग्रॅमला १ मायक्रोमोल प्रति मिनिट, म्हणजे जुन्या भाषेत मिलिग्रॅमला १ युनिट. विकणारे पिकोमोलमध्ये लिहितात कारण १००० भरघोस दिसतं. त्यांचा दोष नाही, पण आपण फसायचं नाही.

आता दुसरा दिवस. तिथे काहीतरी खरोखर बिघडलं असणार, पण ते लायेजच असेल असं नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा कप्पा बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून गरम होतो. आइस्क्रीमला ते चालतं, प्रोटीनला नाही. त्यात एकाच व्हायलमधून रोज काढून परत गोठवलं असशील तर अर्धा जीव तिथेच गेला. पोचल्या दिवशी व्हायल बर्फावर वितळवायची, अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करायची (अर्धा माल झाकणात चिकटलेला असतो आणि मुलं रिकामी समजून टाकून देतात), आणि एका वेळच्या वापराएवढे छोटे भाग करून ठेवायचे. डायल्यूट केलेलं परत गोठवायचं नाही. डायल्यूट करायच्या बफरमध्ये मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रोटीन) घाल, नाहीतर एवढंसं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं.

ड्राय आइस संपत आला म्हणून लगेच छाती बडवू नकोस. एका जुलैत परशुराम घाट बंद होता, तेव्हा माझं एक पार्सल दोन दिवस चिपळूणच्या अलीकडे अडकलं. थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइसचा मागमूस नव्हता, व्हायल पाण्यासारखी हलत होती. कुरिअरवाल्याशी भांडून काही मिळालं नाही. पण मोजलं तर निम्म्याच्या आसपास ॲक्टिव्हिटी शिल्लक होती. ग्लिसरॉलमधलं एन्झाइम आपण समजतो तेवढं नाजूक नसतं. मात्र मोजल्याशिवाय वापरू नकोस, आणि कागदावरचा आकडा त्या व्हायलपुरता विसरून जा.

उणे ८० नाही याला एक गावठी उपाय आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी लिक्विड नायट्रोजनचा डबा असतो. मी दोनदा तिथे कोपरा मागितलाय, दोन्ही वेळा मिळाला. डॉक्टरांना नीट सांग काय आहे ते, स्क्रूच्या झाकणाची क्रायोव्हायल वापर, आणि ती द्रवात न बुडवता वरच्या थंड वाफेत टांगून ठेवता आली तर उत्तम. शिवाय तो डबा विजेवर चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. ज्यांचं सगळं एकाच डीप फ्रीझरमध्ये होतं त्यांचं काय झालं असेल, तूच सांग. मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा विचार मात्र सोड, तिथे साधारण उणे १८-२० च असतं.

माझा खरा संशय लायेजवर नाहीच, बाकीच्या सामानावर आहे. कोएन्झाइम एचं सल्फर हवेत ऑक्सिडाइझ होतं. ते ऑक्सिडाइझ होऊ नये म्हणून घालतात त्या डीटीटीचं द्रावण आपल्याकडच्या उकाड्यात काही दिवसांत कुचकामी होतं. आणि एनएडीएचची पूड! कोकणात जूनपासून हवा नुसती ओली. फ्रीझरमधून बाटली काढून तशीच उघडलीस की आतल्या पुडीवर दव बसतं. बाटली आधी तासभर टेबलावर ठेव, खोलीइतकी गरम होऊ दे, मगच झाकण काढ. एनएडीएच ठीक आहे का ते दोन मिनिटांत कळतं: २६० आणि ३४० नॅनोमीटरची रीडिंग घे (यूव्हीला चालणाऱ्या क्युव्हेटमध्ये), भागाकार २.३ च्या आसपास यायला हवा. तीनच्या वर गेला तर ती पूड फेकून दे.

एमडीएच जिवंत आहे का तेही स्वतंत्र तपास. लायेज न घालता ताजं बनवलेलं ०.१ मिलिमोलर ऑक्झॅलोॲसिटेट टाक. साध्या प्लेटमध्ये ३४० चं रीडिंग झटकन ०.१९ च्या आसपास खाली यायला हवं. ताजं म्हणजे त्याच तासात बनवलेलं. ऑक्झॅलोॲसिटेट पाण्यात स्वतःहून मोडून पायरुव्हेट होतं, कालचं द्रावण कामाचं नाही.

आता आगळ. तुझ्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच आहे.

कल्पना चुकीची नाही. रातांब्याच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड भरपूर असतं. त्याच्या भाऊबंदातल्या मलबारी कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हेच आहे, हे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवलं. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांनी दाखवलं की ते याच लायेजला जोरात अडवतं. म्हणजे आपल्या परसातलं फळ आणि तुझं एन्झाइम यांचं नातं पन्नास वर्षांहून जुनं आहे. पण तू एन्झाइमवर हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड टाकलंच नाहीस. तू आगळ टाकलंस.

आगळ म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. रस आणि ढीगभर मीठ. समज आईने लिटरला दीडशे ग्रॅम मीठ घातलंय. ते झालं सुमारे २.६ मोलर. तू वेलमध्ये वीसपट डायल्यूट केलंस तरी १३० मिलिमोलर मीठ उरलं, जे तुझ्या कंट्रोल वेलमध्ये नाही. आम्ल धर ४ टक्के, म्हणजे सुमारे ०.१९ मोलर, आणि या आम्लाला तीन प्रोटॉन. वीसपट डायल्यूट करून जवळजवळ २९ मिलिमोलर प्रोटॉन वेलमध्ये आले. तुझ्या ५० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच सांभाळणाऱ्या द्रावणात) पीएच ८ ला प्रोटॉन झेलायला निम्म्याहून कमीच माणसं मोकळी आहेत, साधारण २३ मिलिमोलर. म्हणजे बफर आडवा झाला आणि पीएच सहाच्या आसपास, कदाचित त्याखालीही गेला. अशा वेलमध्ये कुणीही बंद पडेल. लिंबू पिळलं असतंस तरी १०० टक्के इन्हिबिशन दिसलं असतं.

करून बघ, खरंच. एका ट्यूबमध्ये एन्झाइम न घालता बफर आणि आगळ त्याच प्रमाणात मिसळ आणि पीएचची पट्टी बुडव. एवढ्याने अर्धा प्रोजेक्ट सुधारेल.

आगळाऐवजी ताज्या सालीचा बिनमिठाचा अर्क घे. हंगाम संपला असेल तर आमसूल नको, त्यालाही मीठ चोळलेलं असतं, आणि उन्हात वाळताना, रसाची पुटं चढवताना आम्लाचा काही भाग लॅक्टोन (त्याच रेणूचं कडं होऊन बंद झालेलं रूप) होतो. लॅक्टोन या एन्झाइमला खूपच कमी अडवतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अर्काचा पीएच ८ ला आणून, थोडा वेळ ठेवून, परत तपासून मगच वापर. आम्लात ठेवलेला अर्क आणि असा न्यूट्रल केलेला अर्क वेगवेगळे आकडे देतील, ते का ते आता तुला माहीत आहे.

लाल रंगाचं काय करायचं? कोकमाचे ॲन्थोसायनिन पीएच ८ ला निळे-जांभळे होतात (सोलकढी सांडलेल्या कपड्याला साबण लावल्यावर दिसतो तसा रंग), हळूहळू फिकटही होतात, आणि ३४० लाही त्यांचं थोडं शोषण असतं. म्हणजे एन्झाइम नसतानाही रीडिंग आपोआप उतरत राहणार. म्हणून प्रत्येक अर्काच्या पातळीला स्वतंत्र ब्लँक हवा: सगळं घालायचं, फक्त कोएन्झाइम ए नाही. सायट्रेट न घालता ब्लँक करू नकोस, फळात थोडं सायट्रिक असू शकतं.

मग सालीतले टॅनिन आणि गार्सिनॉलसारखी तेलकट संयुगं. ही प्रोटीनला गुंडाळून बसतात, कुणालाही. गार्सिनॉल तर p३०० सारख्या हिस्टोन ॲसिटाइलट्रान्सफरेजला, म्हणजे अगदी वेगळ्याच एन्झाइमलाही अडवतं, ते बंगळूरच्या प्रयोगशाळेतून २००४ मध्ये आलं होतं. तुझा अर्क खास लायेजलाच अडवतोय का, की दिसेल त्याला धरतोय, हे बघायला ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घालून तोच प्रयोग परत कर. परिणाम विरघळून गेला तर ते चिकटणं होतं. एमडीएचचीही तीच परीक्षा: अर्क घालून वरचा ऑक्झॅलोॲसिटेटचा प्रयोग. तो मंदावला तर तू एमडीएच अडवत होतास आणि नाव लायेजचं लावत होतास.

एक शेवटचा सापळा, मॅग्नेशियम. सायट्रेटसारखंच हायड्रॉक्सीसायट्रेटही मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि या एन्झाइमला मॅग्नेशियमशिवाय एटीपी पचत नाही. संशय आला की थोडं जास्त मॅग्नेशियम क्लोराइड घालून बघ.

हे सगळं पार पडलं आणि तरी इन्हिबिशन उरलं, तर ते खरं. मग सायट्रेट वाढवून बघ. हायड्रॉक्सीसायट्रेट सायट्रेटच्याच जागेसाठी भांडतं, त्यामुळे सायट्रेट भरपूर केलं की पकड सैल व्हायला हवी. म्हणूनच आयसी-५० (एन्झाइम निम्मं अडवायला लागणारं प्रमाण) लिहिताना सायट्रेट किती होतं ते न लिहिणं म्हणजे भाव सांगून वजन न सांगणं.

बेम्पेडोइक ॲसिडचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झालेलं हे औषध याच एन्झाइमवर चालतं, बरोबर. पण ते जसंच्या तसं नाही. यकृतातलं दुसरं एन्झाइम आधी त्याला कोएन्झाइम ए जोडतं, आणि जोडलेलं रूप लायेजला अडवतं. तुझ्या प्लेटमध्ये यकृत नव्हतं. तुझं पॉझिटिव्ह कंट्रोल 'फेल' झालं नाही, ते चुकीचं निवडलं गेलं. शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्सीसायट्रेट घे, स्वस्त आहे आणि तुझ्या प्रश्नाला सरळ लागू आहे.

'मानवी' शब्दाने घाबरलेलेही भेटतात. आमच्या लॅबमधला अटेंडंट ती व्हायल हातात घ्यायला तयार नव्हता, कुणाचं रक्त आहे म्हणून. कुणाचंच नाही. सतराव्या गुणसूत्रावरचा माणसाचा जीन घेऊन तो जिवाणूत किंवा किड्याच्या पेशीत घालतात आणि त्या पेशी हे ११०१ अमिनो ॲसिडचं प्रोटीन बनवतात. अशी चार एकत्र आली की एक एन्झाइम. तुझ्या कागदावर ते कशात बनवलंय ते बघ. ई. कोलायमध्ये बनवलं असेल तर शरीरात त्यावर लागणारे फॉस्फेटचे ठसे त्यावर नसतील. तुझ्या प्रयोगाला त्याने फारसं बिघडत नाही, पण थीसिसमध्ये लिही.

राहिला बचत गट. नको. प्लेटमधलं एन्झाइम अडणं आणि माणसाचं वजन उतरणं यांत फार अंतर आहे. हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिडला विजेचा भार असतो, पेशीत शिरणं त्याला सोपं नाही. १९९८ मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी केली, रोज १५०० मिलिग्रॅम देऊन. वजनात खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. वर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, पुराव्याशिवाय असा दावा छापला तर त्रास बायकांनाच होईल. आईला सांग, 'सिंधुदुर्गातलं रातांब्याचं आगळ, सोलकढीसाठी' एवढंच लिही. मुंबईचा चाकरमानी तेवढ्यावर दोन बाटल्या उचलतो.

पुढच्या खेपेला मला टक्केवारीचे बार पाठवू नकोस, ३४० ची कच्ची रीडिंग पाठव, वेळेसकट, ब्लँकसकट. आणि आगळात मीठ किती घातलं होतं ते आईला विचारून नक्की लिही, मी दीडशे ग्रॅम अंदाजाने धरलेत.